मामाच्या खुब्यातला जोड

मामाचा फोन आला की मी त्याच्याच आवाजात उचलायचो. घसा खाकरून, "बोला, व्हॉल्व्ह उघडा हाय का बंद?" पेणच्या आमच्या मोबाइलच्या दुकानात समोर गिऱ्हाईक असलं तरी. दीड महिन्यापूर्वी तसाच उचलला. पलीकडे मामी होती. तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं आणि मग म्हणाली, "गेले रे हे…"

मामा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. जन्म पाइप आणि पंपांत गेला. घर नदीपल्याड अष्टमी गावात. खुबा झिजला म्हणून मुंबईला जाऊन बदलून घेतला, आणि नवा सांधा एका तुकड्याचा नसतो हे कळल्यावर गडी खूश! दांडा वेगळा, त्यावरची मान वेगळी, गोळा वेगळा. मापं बघून निवडायचे आणि एकात एक ठोकून बसवायचे. "आमचंच काम की रे हे," म्हणाला. तीन वर्षं झकास चालला. मग लंगडायला लागला. जांघेत दुखायचं. बसून उठलं की आत काहीतरी कचकतं, म्हणायचा.

मी त्याला पेणच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "काका, सांधा फर्स्ट क्लास आहे. दुखणं डोक्यात आहे तुमच्या." मामा म्हणाला, "साहेब, दोन जातीचे धातू एकात एक बसवलेत. चालताना घासणार, वर आत ओल. जोड खाल्ला जाणार. बाहेरून पाइप चकचकीत दिसतो, खोलल्यावर कळतं." डॉक्टर हसले. आणि मी… मीपण हसलो.

त्याच संध्याकाळी अष्टमीच्या ओट्यावर मी ते डॉक्टर करून दाखवले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तिरकी, "दुखणं डोक्यात आहे तुमच्या!" मामी पदर तोंडाला लावून हसली. मामा तर ठसका लागेपर्यंत. "परत कर रे, परत कर!" झालं, मग घरात तो खेळच झाला. मामा जरा कण्हला की कोणीतरी ते वाक्य टाकायचंच, मामीसुद्धा. हळूहळू त्याने कण्हायचं बंद केलं. आम्हाला वाटलं, सुटला दुखण्यातून. असं वर्षभर चाललं.

एक दिवस बाजारात दुकानाची पायरी उतरताना कट्‌कन आवाज आला आणि मामा खाली बसला. नव्या सांध्याची मान मोडली होती. मुंबईला सांधा खोलला तर जोड खाल्लेला, आजूबाजूला काळा गाळ, मांस सडलेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं. सगळं काढून नवीन बसवलं, पण त्या सडक्या जागेत पू झाला. जखम भरेचना.

मुंबईला हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा मामा म्हणाला, "काळं निघालं ना? बघ." मला माफी मागायची होती. तो म्हणाला, "अरे, तो डॉक्टर कर ना एकदा." मी मान तिरकी केली… आणि त्याच्या पायावरची चादर सारखी करत बसलो.

दिवसकार्य झाल्यावर मी अष्टमीला राहिलो. आतल्या खोलीत खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला पाइपाचा कठडा हाय, माझ्या आधी कधी नजरेतच आला नव्हता. मी म्हटलं, "मामी, हा कधी बसवला गो?" "मागच्या दिवाळीत, मी माहेरी होते तेव्हा. तुझ्या म्हातारपणाला होईल गो, म्हणाले." हात फिरवत मी मोरीपर्यंत गेलो. कोपऱ्यातसुद्धा एकच पाइप, वाकवून नेलेला. जोड कुठेच नाय. वरचा हिरवा रंग मात्र मधेमधे गेलाय, मुठीएवढा, खालचं लोखंड दिसेपर्यंत.

खाटेपासून मोरी सात पावलं. रंग चार ठिकाणी गेलाय.