सातासमुद्रापार, व्हाया शाहूपुरी

आमच्या ऑफिसातून रोज संध्याकाळी गाडी भरून पार्सलं जातात आणि किस्से तेवढे मागं उरतात! त्यांना ना वजन, ना पत्ता. बुक कोण करणार? मग ते असे चहाबरोबर बाहेर पडतात.

मी संगीता कांबळे. शाहूपुरीत एका इंटरनॅशनल कुरिअर कंपनीचं काउंटर आहे, ते मी सांभाळते. जोडीला रणजितदादा, पिकअप व्हॅन चालवतात. कंपनी जगभर पसरलेली, पण कोल्हापुरात आम्ही दोघं आणि एक वजनकाटा! आणि तेही किती दिवस, कुणास ठाऊक. मुंबईच्या साहेबांचं म्हणणं, आमची पार्सलं कस्टम्समध्ये फार अडकतात. "असंच चाललं तर काउंटर बंद, बुकिंग सगळं अ‍ॅपवर आणि तुम्ही पुण्याला," असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलेलं. माझी मुलगी यंदा दहावीला, आई अंथरुणाला खिळलेली. पुणं म्हणजे मला राजीनामाच की! रात्र-रात्र झोप लागायची नाही. साहेबांना वाटतं पार्सलं मी अडकवते. अहो, मी कशाला अडकवू? आमची माणसंच तशी आहेत!

* * *

राधानगरीकडचे एक काका स्टीलचा डबा घेऊन आले. लेक कॅनडात.

"आत काय आहे, काका?"

"खरवस. म्हस व्यालीया."

"खरवस नाही जात हो. वाटेत नासेल."

"का नासंल? विमानात एसी असतोय न्हवं?"

"एसी माणसांना असतो. सामानाला नाही."

काका विचारात पडले. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खिशात हात घालत म्हणाले, "मग डब्याला शिटाचं तिकीट फाडा की!"

* * *

एका मावशींनी अमेरिकेतल्या सुनेला डिंकाचे लाडू पाठवले. नातवानं त्यांना मोबाइलवर ट्रॅकिंग लावून दिलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दुसऱ्या दिवशी फोन.

"संगीता, अगं लाडू जर्मनीत गेलं!"

"हो मावशी. विमान तिकडूनच जातं."

"जर्मनीत आमचं कोण न्हाय!"

मी समजावलं. तिथं पार्सलं एका विमानातून दुसऱ्या विमानात चढवतात, मग पुढं जातात. मावशींनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा फोन. "अजून तिथंच हाय! एवढ्या येळात एस्टीवाला च्या पिऊन, पान खाऊन निघतोय की!"

लाडू सुखरूप पोचले. पण सुनेनं फोटो पाठवला, त्यात मावशींना डबा जरा रिकामा वाटला. सुनेनंच डबा उघडल्या उघडल्या खाल्ले असतील, असं मी सुचवून बघितलं. छे! सून गुणाची आहे. मावशींचा संशय अजून जर्मनीवरच आहे.

* * *

रणजितदादांचं दुखणं वेगळं. आमच्याकडं गिऱ्हाईक पिकअपला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाही. त्यातून गाडीला उशीर झाला की दादांच्या हातातलं स्कॅनिंगचं मशीन कारण विचारतं. पर्याय ठरलेले, पत्ता चुकला, वाहन बंद पडलं, ग्राहक तयार नाही. पर्याय ठरवणारा बहुतेक कोल्हापुरात कधी जेवला नसावा.

एकदा दादांचा हळू आवाजात फोन आला. "ताई, हितं मटणाचा बेत हाय. उठू देईनात. कुठलं बटन दाबू?"

"ग्राहक तयार नाही, ते दाबा."

"खोटं कसं दाबू? ग्राहक कवाचा तयार हाय! पांढरा रस्सा झाला, तांबडा व्हायचाय!"

* * *

हुपरीचे एक काका लंडनच्या व्याह्यांना चांदीची भांडी पाठवायला आले. मी किंमत विचारली. त्यांनी आजूबाजूला बघून आकडा सांगितला. ऐकूनच मला ठसका लागला.

"काका, एवढी नसेल हो! आणि जेवढी जास्त लिहाल तेवढी तिकडं ड्युटी भरावी लागते."

"लिवा हो तुम्ही! कागद व्याह्यांच्या हातात पडणार. कमी दिसलं तर आमची काय अब्रू ऱ्हाईल?"

परत परत सांगितलं, ऐकतील तर शपथ. लिहिलं. व्हायचं तेच झालं. लंडनच्या कस्टम्सनं पार्सल धरलं, ड्युटी मागितली, व्याह्यांनी गपगुमान भरली आणि पार्सल सोडवून घेतलं. आमच्या साहेबांच्या हिशोबात आणखी एक अडकलेलं पार्सल जमा!

आता काका भांडायला येणार म्हणून मी तयारीत बसले. काका आले ते पेढे घेऊन.

"मॅडम, माल किती भारी हाय ते इंग्लंडच्या सरकारलाबी पटलं!"

* * *

आणि मग ऐन दिवाळीच्या गर्दीत साहेब स्वतःच आले.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाटलांचा कारखाना आहे. पंपाचे सुटे भाग करतात. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मागं त्यांनी ऑस्ट्रेलियाला सॅम्पलची पेटी पाठवली होती. पहिलाच परदेशी माल, म्हणून पाटलांच्या आईंनी पेटीत हौसेनं अक्षता आणि झेंडूची फुलं घातली. ऑस्ट्रेलियात बाहेरचं पान, फूल, बी काही चालत नाही. पेटी अडकली ती अडकलीच! आता खरी ऑर्डर निघायची होती. साहेब म्हणाले, "मी समोर उभा राहतो. ही अडकली तर काउंटर बंद."

मी आदल्या दिवशीच पाटलांना सांगितलं, "अहो पाटील, आत फूल नको, अक्षता नकोत. माझी नोकरी आहे यात." पाटलांनी शब्द पाळला. आम्ही तिघं कारखान्यात पोचलो, तर पेटी लख्ख. साहेबांनी स्वतः तपासून सील मारलं.

आणि दारात पाटलांच्या आई, म्हणजे आजी, उभ्या! हातात ताट, ताटात नारळ, कुंकू, हार.

"पेटी अशी कोरी जायची न्हाय."

साहेबांच्या मुंबईच्या विमानाची वेळ होत आलेली. साहेब घड्याळ बघतायत. मी हात जोडले. "आजी, पेटीला काही लावू नका हो. पाया पडते तुमच्या!"

"बरं. पेटीला न्हाय लावत. पेटी न्हेणार कोण?" म्हणत आजी माझ्याकडं वळल्या.

"आजी, आम्ही बौद्ध. आमच्यात नारळ-कुंकू नसतं."

"बरं बाई," म्हणून त्या रणजितदादांकडं गेल्या.

"मला गाडी चालवायचीया, आजी. नारळ कुठं धरू?" दादा म्हणाले.

"मग ह्ये पावणं कोण?"

"आमचे मोठे साहेब!" दादांनी घाईनं सांगून टाकलं.

साहेब काही बोलायच्या आत गळ्यात हार, कपाळाला कुंकू, हातात नारळ! "पेटी पोचल्याचा फोन येईस्तवर ह्यो तुमच्या घरच्या देवापुढं ठिवायचा," आजींनी बजावलं. "वाटंत टाकलासा आन पेटी अडकली, तर तुमच्यावर!"

दिवसभर प्रोसेस-प्रोसेस करणारे साहेब मान हलवून "हो" म्हणाले.

पेटी गेली. साहेब विमानतळावर गेले. मी काउंटरला परत आले, तर फराळाच्या पार्सलांची रांग दारातून रस्त्यावर पोचलेली. हात चालू होते, पण डोक्यात नुसतं पुणं. पेटी पोचेल? साहेब काय ठरवतील?

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. साहेब! हार तसाच, कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं, नारळ छातीशी.

"मॅडम, सिक्युरिटीवाले नारळ विमानात नेऊ देत नाहीत," ते दारातूनच म्हणाले. "टाकून द्या म्हणतात! असा कसा टाकू? पेटी पोचायचीय अजून! नशिबानं विमान लेट आहे. हा माझ्या घरी पाठवायचाय. आत्ताच्या आत्ता बुक करा!" आणि तडक काउंटरकडं निघाले.

रांगेतल्या एक काकू चकलीचा डबा काखोटीला मारून कडाडल्या, "ओ पावणं! आम्हाला काय हितं वाळत घातलंय व्हय? लाइनीत या!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वजनकाट्याकडं बघितलं.

साहेब मुकाट्यानं वळले आणि नारळ दोन्ही हातांत धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.