आडनाव विचारलं आणि पेशंट पळाला

डॉक्टर सुनेजा प्रिस्क्रिप्शनवर सही करत होते आणि ज्याच्यासाठी ती सही चालली होती तो मुलगा लिफ्टचीही वाट न बघता चार मजले उतरून गेलासुद्धा. पळवला कुणी? मी! अठरा वर्षं काउन्सेलिंग करणारी आणि दिल्लीतल्या आमच्या मंडळाच्या नाटकात दरवर्षी खाष्ट सासू वठवणारी अस्मादिक.

आमचं क्लिनिक गुरुग्राममध्ये, लैंगिक आरोग्याचं. इथे नाव विचारत नाहीत, नंबर देतात. हा एकोणीस नंबर. वय चोवीस, मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, राहायला दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये आईवडिलांकडे. रविवारी दुपारी एका मित्राबरोबर कंडोमशिवाय संबंध आला होता. मंगळवारी दुपारी तो माझ्यासमोर बसला.

अशा वेळी ‘पेप’ नावाचा गोळ्यांचा कोर्स असतो. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरला असलाच तर त्याला बस्तान बसवू न देणारा. पहिली गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मग अठ्ठावीस दिवस, न चुकता. एकोणीसकडे बुधवार दुपारपर्यंत वेळ होता.

आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं, आणि काय सुरेख चाललं होतं! तुम्हाला वाटेल, मुलाला माहिती नसेल. छे, त्याला सगळं पाठ होतं.

“मग कंडोम का नाही?” मी विचारलं.

“कॉलनीतला केमिस्ट पप्पांना ओळखतो.”

“मानेसरला केमिस्ट नाहीत?”

तो हसला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, “आणला होता, मॅम. खिशातच होता. काढला असता तर त्याला वाटलं असतं, मी त्याच्यावर शक करतोय. आणि तो निघून गेला असता तर? माझं खरं माहीत असलेला तोच एक आहे.”

आता याच्यावर कुठलं पोस्टर चालणार, सांगा. सोमवार त्याने घरी पडून काढला होता. भीतीने अंग गरम वाटत होतं, आणि आई दिवसभर उशाशी बसून होती. तिच्यासमोरून उठून जायला कारण सुचेना.

गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासतात, आधीपासून लागण नाही ना हे बघायला. टेक्निशियनने सुई टोचली आणि एकोणीस ओरडला, “आई गं!”

झालं. माझ्या अंगात मंडळ संचारलं.

“अय्या, मराठी! अरे, मग आधी नाही का सांगायचं? कुठले तुम्ही? आडनाव काय? बाबा कुठल्या मिनिस्ट्रीत? आणि गणपतीत मंडळात कधी दिसला नाहीस तो!”

दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की चौथ्या प्रश्नाला कॉमन ओळख निघतेच. त्याचा चेहरा पांढरा पडला. इतका वेळ तो एका परक्या बाईशी बोलत होता. आता समोर आईची मैत्रीण बसली होती. “वॉशरूम,” म्हणाला आणि गेला. पाठोपाठ रिपोर्ट आला, निगेटिव्ह. म्हणजे गोळ्यांचा उपयोग होता, आणि गोळ्या माझ्या हातात.

“मॅडम, आपने सरनेम पूछा?” डॉक्टर म्हणाले. “यहाँ?”

“सवयीने...”

फॉर्मवर त्याने लिहिलं होतं: मेसेज चालेल, फोन नको. मी ताबडतोब मेसेज लिहिला. ‘बाळा, घाबरू नकोस. मी कुणाला काही सांगणार नाही. मला तुझी मावशीच समज.’ डॉक्टरांनी अर्थ विचारला. मी करुण स्वरात अनुवाद केला.

“मावशी मतलब मौसी?”

“हो.”

“उसी से तो भागा है.”

त्यांनी ते खोडलं आणि हिंदीत कोरड्या दोन ओळी पाठवल्या: एकोणीस नंबरचं पॅकेट तयार आहे, उद्या बाराच्या आत न्यावं, काउंटरवर दुसरे सर असतील. निळ्या टिक्स उमटल्या. उत्तर नाही.

बुधवारी मला रेकॉर्ड रूममध्ये बसवण्यात आलं. “नो डायलॉग,” डॉक्टरांनी बजावलं. साडेदहा झाले, अकरा झाले. फायलींवरची धूळ पुसता पुसता मी स्वतःला जे बोलले ते माझ्या नाटकातल्या सुनेलाही कधी बोलले नाही. अकरा वीसला दारावर टकटक झाली. आमचा तरुण काउन्सेलर फरहान.

“ले ली. मेरे सामने,” तो म्हणाला.

मी तिथेच खुर्चीत बसले.

नंतर केस नोट्समध्ये वाचलं. एकोणीसची मोठी अडचण होती बाटली ठेवायची कुठे, कारण कपाट आई आवरते. रोजची गोळी ऑफिसच्या लॉकरमध्ये आणि रविवारची बॅडमिंटनच्या बॅगेत, असं ठरलं. शिवाय त्याने आणि फरहानने मिळून मित्राला म्हणायचं एक वाक्य बसवलं: ‘मी हे नेहमीच वापरतो, यात तुझ्यावर शक नाही.’ पाच वेळा म्हणून पाहिलं, आवाज कापायचा थांबेपर्यंत. म्हणजे तालीम! आणि कंपनीची एकमेव नटी फायलींत!

त्याची एकही गोळी चुकली नाही. तीन महिन्यांनी तपासणी झाली, निगेटिव्ह. तो अजूनही फरहानकडेच येतो.

आता कुणी मराठी निघालं की मी तोंड मिटते आणि फाइल फरहानकडे सरकवते. तो पानिपतचा. मराठी आडनाव ऐकलं तर त्याला फार तर इतिहास आठवतो, कुणाची आई आठवत नाही.