विनूअण्णाचे देव

वादात हरायला लागला की माझा थोरला भाऊ, विनूअण्णा, मराठी सोडून कानडीत शिरायचा. दोनच शब्द. "अदु ब्यारे!" म्हणजे, ते वेगळं. विषय संपला.

हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. रविवारी दुपारी शटर ओढलं की माळ्यावर अण्णाचा फाशांचा खेळ रंगायचा. जग त्यानं रचलेलं. त्यातल्या देवांच्या तोंडून तो बोलणार आणि आम्ही एकेक मर्त्य माणूस होऊन त्या जगात फिरणार. तोंडात गिरमिटाचा, म्हणजे आमच्याकडच्या तिखट चुरमुऱ्यांचा, घास ठेवून हा पठ्ठ्या वादळं उठवायचा, राजे मारायचा. गोष्ट सांगावी तर त्यानंच, हे मी आजही मान्य करते. पण त्याच्या देवांना काही धरबंध नव्हता. एका रविवारी देव माणसांच्या भानगडीत पडत नाहीत, आणि पुढच्या रविवारी अण्णाच्या लाडक्या दोस्ताला, मल्ल्याला, वाचवायला आभाळातून हजर! मल्ल्या खेळात चोर व्हायचा; तो चोर मेला, तर अण्णानं त्याला चक्क देव करून बसवला.

माझी तुंगी नावाडीण. बुडालेल्यांना परत आणता यावं म्हणून तिला देवी व्हायचं होतं. अण्णानं घातलेली एकेक अट पुरी करत, वर्षानुवर्षं खेळून मी तिला देवांच्या दारात नेली. तेव्हा हा म्हणतो, "मर्त्याला देव होता येत नाही, सुधे."

"आणि मल्ल्याचा चोर?"

"अदु ब्यारे."

मी तरातरा खाली गेले आणि कळश्या पुसत बसले. खेळातल्या बाईसाठी कोण रडतं? मी रडले. कारण हे उत्तर मला पाठ होतं. आमचे वडील, अप्पा, गेले तेव्हा "बायका स्मशानात येत नाहीत" म्हणून अण्णानं मला उंबऱ्यावरून मागं फिरवलं होतं. दुकानाच्या पाटीवर 'आणि बंधू' आहे. तो बंधू, आमचा धाकटा, बंगळूरला. त्यानं जन्मात एक चमचा विकलेला नाही. गल्ल्यावर मी. माझं नाव घाल म्हटलं, तर "बहिणीचं नाव पाटीवर नसतं." मग कधी दुकानात न बसलेल्या भावाचं? अदु ब्यारे!

पुढं अण्णाच अंथरुणाला खिळला. त्याला बायको-पोरं नाहीत, धाकट्याला सवड नाही. सगळं करायला मीच. एक दिवस माझा हात धरून म्हणाला, "सुधे, मला अग्नी तू दे."

"बायका येत नाहीत ना रे स्मशानात?"

"अदु ब्यारे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की भांडावंसंही वाटेना.

दिला मी अग्नी. तेरावा झाल्यावर धाकटा बंगळूरला परतला. जाताना पाटी नवी रंगवून घ्यायला सांगून गेला. 'आणि बंधू' तसंच ठेवून.

परवा मल्ल्या फासे घेऊन आला. "अक्का, तुंगीला देवी करून टाकू या. आता अडवणारं कोण आहे?"

"नको," मी म्हटलं. "हा नियम त्यानं माझ्यासाठी मोडायला हवा होता. स्वतःसाठी स्मशानाचा मोडलाच की."