पाणी तयार होईपर्यंत

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या कोर्टातून नुकतीच बाहेर पडले होते. अकोल्याहून सुनंदावहिनी बोलत होती. "वंदना, तुझे दादा गेले... आत्ताच, चहा घेता घेता." मी तिथेच पायरीवर बसले. मग तिनं विचारलं, "त्या टाकीचं काय करू मी?" खरं सांगते, मला तिचा रागच आला. नवरा गेलाय आणि हिला टाकी सुचतेय. आता महिन्याभरानं वाटतं, तिनं विचारायला हवं नेमकं तेच विचारलं होतं.

विलासदादा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. अकोल्याच्या उन्हात माणसं करपतात, तिथं या माणसानं निवृत्तीनंतर घरात समुद्र पाळायला घेतला. पहिल्या खेपेला त्यानं आमच्या खारपाणपट्ट्यातल्या शेताच्या बोअरचं पाणी ड्रम भरून आणलं. "तोंडात धरवत नाही इतकं खारं हाये, मंग समुद्राचं मीठ इकत काहून आणू?" त्यात माझी मुलं सुटीला आलेली. मीच त्याच्यामागे लागले, दादा, मासे आण ना लवकर. त्यानं आणले. तिसऱ्या दिवशी सगळे मेले. "खारट म्हणजे एकच मीठ नसते हे जन्मभर पोरायले शिकवलं, अन् मीच इसरलो," म्हणत त्यानं एकेक मासा बाहेर काढला. मी मात्र घाईबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढे तो शिकला. गाळलेल्या पाण्यात विकतचं समुद्री मीठ, त्यात समुद्रातले सच्छिद्र दगड, आणि मग नुसती वाट पाहायची. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. दगडांत जिवाणू वाढले की ते त्याला पचवतात, पण वाढायला महिना-दीड महिना लागतो. अशा एका लहान टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी त्यानं सहा वर्षं जपली. यंदा त्या टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं, म्हणून शेजारी मोठी टाकी मांडली. जिवाणूंना खाद्य म्हणून तो तिच्यात रोज थोडा अमोनिया घालायचा आणि काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकून पाणी तपासायचा. झालं का, असं मी फोनवर विचारलं की म्हणायचा, "कोर्टात तारखांवर तारखा मागते, अन् माह्या पाण्याले एक तारीख देववत नाही तुले." तिसऱ्या आठवड्यात तो गेला.

तेरवीपर्यंत मी तिथंच होते. जुन्या टाकीखालचं फडकं वहिनी दिवसातून चारदा पिळायची. पाण्याची पातळी उतरत होती, मासे खालच्या बाजूला गोळा झाले होते. मला धीर निघेना. "वहिनी, आता हलवू या. इथंही मरतीलच."

वहिनीनं दादाची काचनळी माझ्यापुढे धरली. नव्या टाकीचं पाणी तिच्यात हिरवं झालं होतं. अमोनिया नसता तर पिवळं झालं असतं. "मागच्या खेपेलेही तूच घाई केली होती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. जन्मात टाकीला हात न लावलेली ही बाई... काचेवर चिकटवलेली दादाची चिठ्ठी वाचून थेंब मोजायला शिकली होती. मी बाजारातून चिकटपट्टी आणली आणि सांधा बाहेरून कसाबसा लिंपला.

मग मी दर रविवारी बसनं जायचे. हिरवा रंग फिका होत गेला. परवाच्या रविवारी नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं, आणि अमोनियातून बनणाऱ्या नायट्राइटच्या तपासणीचं आभाळासारखं निळं, म्हणजे दोन्ही विषं संपलेली. चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच.

"हे असते तर अजून एक दिवस थांबले असते," वहिनी म्हणाली.

"मग थांबायचं का?"

तिनं भांडं उचललं. "नाही. त्यायच्यासाठी थांबून झालं आता."

तिनं मासे जुन्या पाण्यासकट भांड्यात घेतले आणि त्यात नव्या टाकीचं पाणी वाटी-वाटीनं मिसळलं, तासभर. मग जाळीनं एकेक मासा हळूच सोडला. दोघं दगडाआड गेले, पुन्हा बाहेर आले. आणि तेरवीलाही न रडलेली वहिनी काचेला हात लावून रडायला लागली. मी तिला उगी राहा म्हटलं नाही.