फ्यूज काढल्यावर

रेणापूरच्या स्टँडवर लोह्याच्या मामानं मला एसटीत बसवलं तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हातात पिशवी. पिशवीत दोन ड्रेस, टॉवेल, बारावीचं मार्कशीट, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि दुकानातून उचललेला एक टेस्टर. सामानाची यादी मनात धरायची सवय मला लहानपणापासूनची. आमचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान. लग्नाला माल बाहेर जाताना आणि परत येताना भोंगे, बांबू, सतरंज्या मीच मोजून घ्यायची. अव्वा, म्हणजे माझी आई, स्टँडपर्यंत आली होती. पदर पुढं ओढून, डावा गाल झाकून. गाडी सुरू झाली तशी खिडकीशी आली आणि म्हणाली, "कशाला काढलास गं फ्यूज? सगळ्या गल्लीला कळलं."

जपून जा नाही, पत्र टाक नाही. एवढंच.

गल्लीत राहिलेल्यांनो, तुम्हाला सगळं माहीत आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी मात्र नीट सांगते.

दुकान पुढं, घर मागं. दिवेलागणीला अप्पा, म्हणजे माझे वडील, अँप्लिफायर सुरू करायचे, माईकवर बोट आपटायचे, "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचे आणि बँडची एक कॅसेट लावायचे. दोन्ही भोंगे रस्त्याकडं तोंड करून. मग आवाज पार वर चढवून ते मागं घरात यायचे आणि अव्वाला मारायचे. रोज नाही. पण टेस्टिंग सुरू झालं की आज तो दिवस आहे का, हे अप्पांच्या चपलांच्या चालीवरून कळायचं. कारण लागत नव्हतं. वायर हरवली, गिऱ्हाईक तुटलं, भाकरी करपली. हाताशी असेल त्यानं मारायचे: पट्टा, बांबूचा तुकडा, बहुतेक वेळा केबल. अव्वा ओरडायची. तिचं तोंड उघडलेलं दिसायचं आणि कानावर यायचा फक्त बँड. धाकटा भाऊ बसू आणि मी भिंतीला पाठ लावून बसायचो. भिंत थरथरायची.

बाहेर अप्पा मऊ माणूस. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्म, कुणाच्याही मयतीला सतरंज्या फुकट. गल्लीला टेस्टिंगचा अर्थ कळत होता. आवाज चढला की समोरची गिरणीवाली शेवंताबाई दार ओढून घ्यायची.

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात एकदा बँड वाजत असताना अप्पांनी अव्वाच्या डाव्या कानाखाली अशी मारली की कानातून रक्त आलं. मी उठले आणि मीटरच्या फळीवरचा फ्यूज ओढून काढला. भोंगे गप्प झाले. अव्वाची किंकाळी अर्धी बँडखाली दबलेली होती, उरलेली अर्धी सरळ रस्त्यावर गेली. दुकानापुढं सायकली थांबल्या. शेवंताबाई गिरणीच्या दारात पिठानं भरलेले हात घेऊन उभी राहिली. आत कुणी आलं नाही. अप्पांनी माईकचा स्टँड उचलला. मी डोक्यावर हात धरला, म्हणून हात मोडला.

नांदेडला मामाच्या ओळखीनं वसतिगृह मिळालं, इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षी कुणी मोठ्यानं टेप लावला की माझी बोटं गार पडायची. मग प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ पाहिली. बटण फिरवलं की रेघ लहान होते, आणखी फिरवलं की सपाट. मी ते बटण इतक्या वेळा फिरवलं की सर म्हणाले, "बाई, आता दुसऱ्यांनाही करू द्या." आपल्याला काय करायचंय ते त्या दिवशी ठरलं.

पुढं पुणे. रेकॉर्डिंग स्टुडिओत पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "मॅडम, केबल उचलायला जमेल?" मी चौथीपासून उचलत होते. काही वर्षांनी स्टुडिओ सोडून ध्वनिशास्त्राच्या सल्लागाराचं काम धरलं. नाट्यगृहं, दवाखाने, ऑफिसच्या मीटिंग रूम. खोलीतला आवाज खोलीत ठेवणं, बाहेरचा बाहेर ठेवणं, यावर माझं पोट चालतं. या कामातली एक गोष्ट आधी समजून घ्या, पुढं लागेल. डीजेचा बेस, म्हणजे छातीत धडधडणारा जाड आवाज, अडवायला वजनदार दुहेरी भिंती लागतात, तरी तो जमिनीतून निसटतो. बारीक, उंच आवाज मात्र सहज अडतो. बाईची किंकाळी अडवायला भरीव दार आणि फटींना रबर एवढं पुरतं. आणि दार नसेल तर एका आवाजाखाली दुसरा दाबता येतो. आमच्यात त्याला मास्किंग म्हणतात. अप्पांना शब्द माहीत नव्हता, काम येत होतं.

अप्पा गेले. दुकान बसूकडं आलं. भोंगे जाऊन डीजेच्या पेट्या आल्या, ट्रकवर रचलेल्या, माणसाच्या उंचीच्या. अव्वा त्याच्याकडंच राहिली. डाव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नाही. मी सणाला जायची, पातळ द्यायची, संध्याकाळच्या आत पुण्याच्या गाडीसाठी लातूरला निघायची.

गेल्या हिवाळ्यात बसूचा फोन आला. "अक्का, घरामागं साउंडप्रूफ खोली पाहिजे. टेस्टिंगला. शेजारी तक्रारी करायलेत, पोलीस यायलेत."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. खोली केवढी, पेट्या किती, बेस किती ठेवणार.

"बेस गेला बाहेर तर जाऊ दे गं," तो म्हणाला. "बाकीचं जायला नको."

डीजेवाल्याच्या तोंडी हे वाक्य विचित्र होतं, कारण पोलीस येतात ते बेसमुळंच. मला वाटलं, त्याला यातलं कळत नाही. वाक्य तसंच लिहून ठेवलं आणि गाडीत सामान भरलं: आवाज मोजायचा मीटर, तिपाई, रेकॉर्डर, टेप, फुगे.

फुगे कशाला, ते सांगते. रिकाम्या खोलीत फुगा फोडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जुनी, स्वस्त, खात्रीची पद्धत आहे. मोठमोठ्या सभागृहांत मी फुगे फोडलेत, लोक हसतात.

रेणापूरला पोचून खोली बघितली. पेट्या ठेवायची म्हणून दाखवली ती खोली पेट्यांना पुरणारी नव्हती, तिच्या दारातून एक पेटीसुद्धा आत गेली नसती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून फोम. कडी बाहेरून.

"कडी बाहेरून का?"

"माल ऱ्हातो आत. चोऱ्या होतात."

आत माल नव्हता. एक गोधडी होती.

बसूची बायको मंगल दारात उभी होती. नायगावची पोर, बोलायला गोड, पण त्या दिवशी पदर दातात धरून गप्प. मी रेकॉर्डर लावला, तिला म्हटलं, "ये, मजा दाखवते," आणि फुगा फोडला.

मंगल खाली बसली. दचकली नाही, बसली. गुडघे पोटाशी, डावा कान खांद्यात दाबलेला, दोन्ही हात डोक्यावर. क्षणभर ती मंगल नव्हती, अव्वा होती. हात वर गेल्यानं बांगड्या कोपराकडं घसरल्या आणि वळ दिसले. दोन पदरी केबलचा वळ जोडीनं उठतो. ती खूण मला कुणी शिकवावी लागत नाही.

बसू हसला. "बघ, फुग्याला भेती. लई भित्री हाय."

मी टेप गुंडाळली. "बसू, ही खोली होणार नाही."

"का? फी देतो की तुझी. फुकट न्हाई मागत."

"पेट्यांसाठी नाहीच ही खोली."

त्याचा चेहरा बदलला. बदलला म्हणजे अप्पांचा झाला. "पाहुणी हायेस, चहा पी अन् गाडीत बस. एकदा तमाशा केलास, अप्पाची इज्जत रस्त्यावर आणलीस. माझ्या घरात न्हाई चालायचं."

"अक्का, ऱ्हाऊ द्या," मंगल जमिनीवरूनच म्हणाली.

"तुला कुणी इचारलं?" त्यानं तिला लाथ मारली, नंतर तिपाईला. तिपाईवरचा मीटर भिंतीवर आपटून फुटला. मग तो पुढं दुकानात गेला.

पाठोपाठ पेट्या सुरू झाल्या. हा आवाज कानांना कळायच्या आधी छातीला कळतो. फळीवरचे डबे खाली आले, खिडकीची काच तडकली. बसू परत आला तेव्हा हातात पेट्यांच्या स्टँडचा पाइप होता. पहिला घाव मंगलच्या पाठीवर बसला. तिचं तोंड उघडलेलं दिसलं. आवाज नाही. मी त्याचा हात धरला, त्यानं मला चौकटीवर फेकलं, ओठ फाटला, दात तोंडात आला. मी ओरडत होते, माझं मलाच ऐकू येत नव्हतं. भिंत तशीच थरथरत होती, जशी तेव्हा पाठीला लागायची.

आणि सगळं बंद पडलं.

मीटरच्या फळीखाली अव्वा उभी होती. पायाखाली पाट, हातात चिनी मातीचा फ्यूज.

"मंगल," ती म्हणाली, "आता वरड. लई मोठ्यानं वरड."

मंगल ओरडली. मी आयुष्यभर आवाज मोजलेत, तो मोजायला मीटर उरला नव्हता. किंकाळी दुकानातून रस्त्यावर गेली, समोरच्या भिंतीवर आपटून परत आली. अव्वाही ओरडायला लागली, शब्द नाहीत, नुसतं ओरडणं.

या वेळी लोक आत आले. पुढं शेवंताबाई, आता काठी टेकत चालणारी, मागं तिच्या सुना आणि गल्लीतल्या बायका. बसूच्या हातातला पाइप खाली गेला. "घरातली गोष्ट हाय," तो म्हणाला.

शेवंताबाईनं काठी उंबऱ्यावर आपटली. "घरातली असती तर घरात ऱ्हायली असती. रस्त्यावर आली न्हवं? आता आमची हाय. सरक."

लातूरच्या दवाखान्यात मंगलच्या बरगड्यांचा फोटो काढला, माझ्या ओठाला टाके पडले, पोलिसांनी जबाब घेतला. अव्वा बाकावर बसून होती. तिच्या मुठीत फ्यूज तसाच होता. मी काढून घ्यायला गेले तर तिनं मूठ आवळली. "ऱ्हाऊ दे. परत बसवंल कुणी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी स्टँडवर तुला तसं बोलाय नको होतं."

आता दोघी पुण्यात माझ्याकडं आहेत. केस चालू आहे. बसू कधी मामाकडून निरोप धाडतो, कधी शिव्या. मंगल परत जाईल की नाही, मला माहीत नाही. मी विचारत नाही. तिनं सकाळचा एक शिवणाचा क्लास धरलाय.

बाहेर पडलेल्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते. आमच्याकडच्या हिरव्या मिरच्यांच्या ठेच्याची येते, शेवंताबाईच्या गिरणीतल्या गरम पिठाच्या वासाची येते. पण शांतता मला कधीच आठवत नाही, म्हणून ती मी विकत घेतली. माझा फ्लॅट मी स्वतः आवाजबंद करून घेतला आहे: खिडक्यांना दुहेरी काच, मुख्य दार भरीव, चारी बाजूंनी रबर. दार लावलं की लिफ्टसुद्धा ऐकू येत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दाखवायची.

पहिल्या संध्याकाळी अव्वा बंद दाराशी उभी राहिली. फटीवरून बोट फिरवलं. "नंदे, हितनं हाक मारली तर भाईर ऐकू जाती का?"

"नाही, अव्वा. अजिबात नाही."

ती सोफ्यावर बसली नाही, दाराजवळ सतरंजी टाकून बसली. मंगलही तिच्या शेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस घेतला आणि दाराचं रबर काढलं, चारी बाजूंचं. खालची पट्टीही काढली. मग नेहमीच्या पद्धतीनं तपासणी केली. अव्वा आत, दार बंद, मंगल आणि मी बाहेर लिफ्टपाशी.

"मार हाक," मी फोनवर सांगितलं.

"नंदाऽऽ!"

शेजारचं दार उघडलं. पीठ लागलेल्या हातांनी बाई बाहेर आल्या. "काय झालं हो? कोण ओरडलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऐकू येतं का, ते बघत होतो."