शेजारच्या वहिनींच्या भाषा

मी लेखक नव्हे. उतारवयात लेखणी हाती धरण्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. परंतु फुलचूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या माझ्याशी मराठीत बोलत, भाजीवालीशी हिंदीत आणि माहेरी फोन लावला की पोवारी या आपल्या मातृभाषेत. मात्र मी कुंपणाशी दिसताच त्यांचा आवाज खाली जाई. "ते का भाषा होय जी, सर? घरचं बोलणं ते," असे म्हणून त्या विषय बदलत.

त्यांच्या मुलाने स्पेनमधल्या मुलीशी लग्न ठरवले, तेव्हा सुनेपुढे आपण मुक्या ठरू या धास्तीने वहिनी तिची स्पॅनिश भाषा शिकू लागल्या. 'आब्लो' म्हणजे 'मी बोलते', हे त्यांनी तांदूळ पाखडताना सुपाच्या तालावर पाठ केले.

एका दुपारी त्यांनी मला धीरासाठी फोनजवळ बसवले. पडद्यावरून त्या होणाऱ्या सुनेने स्पॅनिशमध्ये विचारले, तुम्ही कोणत्या भाषा बोलता? प्रश्न पाठातलाच होता.

"आब्लो मराठी. आब्लो हिंदी." वहिनी थांबल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हासू नोका जी." मग पडद्याकडे वळून मोठ्याने, "आब्लो पोवारी!"

"आई, थोडी ऐकव म्हणून राहिली ते," पडद्यावर तिच्याशेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

वहिनी पोवारीत सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मुलीला त्यातले अक्षरही कळले नसावे. तरी ती मध्येच "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत होती.

आपल्या भाषा कोणी विचारल्या, तर आपण घरातली सांगता का?