"माता काय आजार शे का?"

डॉ. शकुंतलाबाईंच्या, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्कांच्या साठीनिमित्त मला लिहायला सांगितले आहे. लिहितो, पण अक्कांची नि माझी खरी ओळख माझ्या घोडचुकीतून झाली. आधी ती कबूल करतो.

दहा वर्षांपूर्वी मी धुळ्याहून जळगावला, अक्कांच्या हाताखाली बालरुग्ण विभागात रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात एरंडोलकडची पाच वर्षांची मुलगी आली. ताप, उलट्या, डोळ्यांवर सारखी झापड. क्षयाची शंका येऊन मी हातावर चाचणीची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर हात सपाट, सूज नाही! मी ऐटीत केसपेपरवर लिहिले, 'क्षय नाही'.

दुपारी मुलीची मान ताठली. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. मी अक्कांना बोलावले. अक्का धावत आल्या.

"आधी काही आजार?"

"नाही. मी आईला विचारलंय."

अक्का सरळ आईशेजारी बसल्या. "माय, घरमा माता उनी व्हती का?"

"हा ना, महिना व्हयना. पन सायेबनी आजार इचारा. माता काय आजार शे का?"

माता म्हणजे गोवर; तो देवीचा फेरा मानतात, आजार नव्हे, आणि मुलीला महिन्यापूर्वीच येऊन गेला होता. अहो, धुळ्याला माझी आईसुद्धा असेच म्हणते! पण पांढरा कोट चढवला की मला अहिराणीची लाज वाटे.

पाठीतले पाणी तपासायला काढता काढता अक्का म्हणाल्या, "जंतूशी लढलेल्या पांढऱ्या पेशी बहुतेक मरतात, डॉक्टर. थोड्या उरतात, त्या वर्षानुवर्षं त्याची ओळख ठेवतात. सुई टोचली की त्याच जमतात, म्हणून हात सुजतो. गोवर त्यांना काही आठवडे गप्प करतो. हात गप्प म्हणून रोग नाही, असं कुठे असतं?"

रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी मेंदूच्या क्षयाची औषधे सुरू केली. नऊ दिवस मुलगी तशीच पडून होती. आई रोज मलाच विचारायची, "उठी ना, सायेब?" मला तिच्याकडे बघवत नसे. दहाव्या दिवशी मुलीने पाणी मागितले आणि मी व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडलो.

केसपेपरवरची ती ओळ मी खोडायला गेलो. अक्कांनी पेन काढून घेतले आणि खाली लिहिले, 'आईला तिच्या शब्दांत विचारले नाही. नव्या डॉक्टरांना हे मी सांगायला हवे होते.' खाली सही केली, स्वतःची.

दोन महिन्यांनी पुन्हा सुई टोचली. या वेळी हात टम्म सुजला. आई घाबरली. अक्का हसून म्हणाल्या, "भिऊ नको माय, तिना आंगले याद उनी." अंगाला जुनी ओळख आठवली होती.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. एका कानाने तिला ऐकू येत नाही. ते माझ्या तीन दिवसांमुळे का, हे मी अक्कांना अनेकदा विचारले. त्या एवढेच म्हणतात, "पुढच्या आईला नीट विचारा."

विचारतो, अक्का. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा. माझ्या कागदांखाली तुमची सही अजून लागणार आहे.